बोटभर शिपाई आणि त्याचा सदरा

दिवाळी सरली म्हणजे घरोघरच्या अंगणांतील किल्ले खचूं लागतात. अळिवाचें हिरवें रान पिवळें पडतें, बुरुज ढासळतात, आणि मातीचे मावळे पुढल्या वर्षापर्यंत एखाद्या खोक्यांत जाऊन विसावतात. यंदा हे मावळे कागदांत गुंडाळतांना आमच्या चवदा वर्षांच्या पुतण्यानें एक साधाच प्रश्न केला. "काका, ह्या सगळ्यांचे अंगरखे एकाच तांबड्या रंगाचे कसे? उन्हापावसांत एखाद्याचा तरी विटला असेलच कीं!" कुंभाराला एका हंगामांत शेकडों मावळे रंगवावे लागतात, एवढें उत्तर देऊन आम्ही सुटलों. परंतु प्रश्न सुटला नाहीं. त्यानें आमच्या घरांत पुढें दोन महिने ठाण मांडलें. त्या दोन महिन्यांची हकीकत आज वाचकांस सांगावयाची आहे.

लहान शिपाई रंगविणें हा निव्वळ पोरखेळ आहे, असें आम्हांसही पूर्वीं वाटत असे. परंतु ह्या कलेला मोठी परंपरा आहे. जर्मनींतील न्युरेंबर्ग शहरीं कथलाचे चपटे शिपाई ओतण्याचा धंदा अठराव्या शतकांतच भरभराटीस आला होता. पाटीच्या दगडावर उलटी आकृति कोरून साचा करीत व त्यांत वितळलेलें कथील ओतीत. निघालेला शिपाई जाडीनें एखाद्या नाण्याएवढाच असे. एकोणिसाव्या शतकांत तेथील हाइन्रिक्सन यांच्या कारखान्याच्या शिपायांची सुमारें ३० मिलिमीटर उंची हेंच पुढें चपट्या शिपायांचें प्रमाण माप होऊन बसलें. चपट्या शिपायाला अंग असें नसतेंच. छातीची गोलाई, बाहीची घडी, पाठीवरील पिशवीची सावली, हें सर्व रंगाऱ्याला कुंचल्यानेंच दाखवावें लागे. पुढें १८९३ सालीं लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्यानें शिशाचे पोकळ शिपाई बाजारांत आणले. हे चांगले भरीव अंगाचे दिसत. उंची ५४ मिलिमीटर, म्हणजे दोन इंचांहून किंचित् अधिक. मुलांनीं ते डोक्यावर घेतले. परंतु त्यांचे रंग असत ते आरशासारखे चकचकीत. कोट तांबडा तो सर्वत्र सारखाच तांबडा. खेळण्याला तें शोभतेंही.

खेळण्यांतला शिपाई आणि हुबेहूब शिपाई यांतील खरें अंतर कापडाचें आहे. कापड चकाकत नाहीं. तें चुरगळतें, घामानें काळवंडतें, धुतां धुतां विटतें, कोंपराशीं झिजतें. एकाच पलटणींतील शंभर कोट शंभर तऱ्हांनीं जुने होतात. १८१५ सालच्या वॉटर्लूच्या लढाईंतील इंग्रज सैन्याचे लाल कोट आपण एकाच लाल रंगाचे समजतों. पण साध्या शिपायाचा कोट मंजिष्ठानें रंगविलेला, विटकरीकडे झुकणारा असे, तर अधिकाऱ्याचा किरमिजी किड्यापासून काढलेल्या महाग रंगाचा व अधिक भडक असे. रांगेंत उभे राहिलेल्या माणसांची प्राप्ति त्यांच्या कोटाच्या रंगावरून ओळखावी, अशी ती स्थिति होती. म्हणून गणवेश रंगविणाऱ्यास प्रथम कापड, रंगाई आणि धुलाई यांचें ज्ञान हवें. कुंचल्याची कारागिरी त्यानंतरची.

आमच्या पुतण्यानें पहिल्याच प्रयत्नासाठीं निवडला तो माणूस घरचाच निघाला. दिवाणखान्याच्या भिंतीवर आमच्या आजोबांचें, म्हणजे नानांचें, एक पोस्टकार्डाएवढें छायाचित्र आहे. नाना डॉक्टर होते. इंडियन आर्मी मेडिकल कोअर हें दल ३ एप्रिल १९४३ रोजीं स्थापन झालें. त्याच वर्षीं ते त्यांत कॅप्टन म्हणून दाखल झाले, आणि १९४४ सालीं, जपानी सैन्य ब्रह्मदेशांतून इंफाळवर चालून आलें तेव्हां, त्या बाजूच्या एका लष्करी रुग्णालयांत होते. चित्रांत ते बोडक्यानें उभे आहेत. अंगांत अर्ध्या बाह्यांचा, दोन खिशांचा सैल सदरा, कमरेला कॅन्व्हासचा पट्टा, खालीं लांब विजार. पुतण्यानें ह्याच ठेवणीचा, रेझिन नांवाच्या कृत्रिम राळेचा, ५४ मिलिमीटरांचा एक शिपाई टपालानें मागविला आणि आठ दिवस खपून रंगविला.

काम हात बसलेल्या माणसासारखें नसलें तरी नेटकें होतें. सदरा व विजार पिवळसर खाकी, इस्त्रीच्या घड्या सुईसारख्या ताठ, बटणें पितळी, लखलखीत, गाल गुलाबीसर, डोळे टपोरे. छातीवर त्यानें बर्मा स्टार ह्या पदकाची फीत काढली होती: गडद निळा, तांबडा, पुन्हा गडद निळा असे तीन पट्टे, आणि दोन्ही निळ्यांच्या मध्यें नारिंगी रेघ. एवढ्याशा जागेंत तीन रंग बसविणें सोपें नव्हे, म्हणून आम्हीं त्याची पाठ थोपटली.

तो शिपाई घेऊन तो आत्याबाईंकडे गेला. आत्याबाई नानांची थोरली कन्या. आज त्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षांत आहेत, आणि नानांना सैनिकी पोशाखांत प्रत्यक्ष पाहिलेलें असें त्यांच्यावांचून आतां कोणी उरलेलें नाहीं. त्यांनीं भिंग मागविलें, शिपाई खिडकीच्या उजेडांत धरला, आणि बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "छान आहे रे बाळ. पण हे नाना नव्हेत. हा वरातीला निघालेला कोणी दिसतो."

पुतण्या हिरमुसला. "आत्याआजी, मग काय चुकलं तें तरी सांग."

"सदरा हिरवा होता," आत्याबाई म्हणाल्या. "आणि नाना पिवळे होते."

आम्हांस प्रथम वाटलें, वयोमानानें त्यांची कांहीं गफलत होत असावी. परंतु चौकशी करूं गेलों तों चूक आमचीच निघाली.

प्रथम फितीचें पाहूं. बर्मा स्टार हें पदक जाहीर झालें मे १९४५ मध्यें. छायाचित्राच्या पाठीमागें नानांच्याच अक्षरांत १९४४ असें साल आहे. म्हणजे जें पदक अजून जन्मासच आलें नव्हतें, तें आमच्या चिरंजीवांनीं वर्षभर आधींच नानांच्या छातीवर लावलें होतें! हा दोष त्याचा त्यानेंच शोधून काढला, आणि मोठ्या कष्टानें काढलेली ती फीत एका फटक्यांत पुसून टाकली. ह्याबद्दल आम्हांस त्याचें विशेष कौतुक वाटलें.

आतां खाकीचें. शिपाई म्हटला कीं खाकी, ही आपली पक्की समजूत असते, आणि तिला कारणही आहे. 'खाक' म्हणजे धूळ, ह्या फारसी शब्दापासून तो शब्द आला. १८४६ सालीं पेशावर येथें हॅरी लम्सडेन यांनीं उभारलेल्या गाइड्स पथकानें हा धुळीचा रंग आरंभीं अंगीकारला, आणि १९०२ सालीं ब्रिटिश फौजेच्या नित्याच्या गणवेशासाठींही तो मुक्रर झाला. परंतु जो रंग सरहद्दीच्या उजाड डोंगरांत माणसाला लपवितो, तोच ब्रह्मदेशच्या हिरव्या रानांत त्याला उघडा पाडतो. १९४२ सालच्या माघारींत सैन्य खाकींतच होतें. तो धडा मिळाल्यावर हिरवा गणवेश काढण्यांत आला. आरंभीं कांहीं ठिकाणीं खाकीच कपडे हिरव्या रंगांत बुडवून काढले. कृष्णधवल छायाचित्रांत मात्र खाकी आणि हिरवा हे दोन्ही सारखेच करडे दिसतात. छायाचित्रानें सदऱ्याचे खिसे जपले, कॉलर जपली, बाहीवरची सुरकुतीसुद्धां जपली. रंग तेवढा जपला नाहीं.

राहिला नानांचा पिवळेपणा. त्या आघाडीवर शत्रूच्या गोळीपेक्षां हिंवताप अधिक घातक होता. चवदाव्या सेनेचे सेनापति स्लिम यांनीं १९५६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत नमूद केलें आहे कीं, १९४३ सालीं जखमी म्हणून मागें पाठविलेल्या दर एका माणसामागें आजारी म्हणून पाठविलेले १२० असत. त्यावर उपाय म्हणून मेपाक्रिन ह्या औषधाची गोळी रोज देण्यांत येऊं लागली. ती कडू असे आणि तिनें कातडी पिवळी पडे. म्हणून शिपाई ती चुकवूं पाहत. स्लिम यांनीं अचानक तपासणी सुरू केली, आणि ज्या तुकडींत शेंकडा ९५ हून कमी लोकांच्या अंगांत औषध सांपडेल तिच्या प्रमुखास दूर करावयाचें ठरविलें. असे तीन प्रमुख गेल्यावर बाकीचे वठणीवर आले. जो डॉक्टर दुसऱ्यांस ही गोळी घ्यावयास लावीत होता, त्याला ती स्वतः चुकवितां येणें शक्यच नव्हतें. "हळद लागलेल्या नवरदेवासारखे दिसत होते," आत्याबाई सांगत होत्या. "१९४४ च्या हिंवाळ्यांत रजेवर आले. आईला वाटलं कावीळच झाली. तिनं चार दिवस तेलातुपाला हात लावूं दिला नाहीं त्यांना."

हें सर्व कळलें, तरी सदऱ्याचा हिरवा म्हणजे नेमका कोणता हिरवा, हा प्रश्न उरलाच. पोपटी, शेवाळी, कीं पानाचा? येथें आत्याबाई उठल्या, माजघरांतल्या फडताळाशीं गेल्या, आणि घड्या घालून ठेवलेली एक जुनी गोधडी घेऊन आल्या. आमच्या आजीनें ती शिवलेली. तिच्या स्वतःच्या लुगड्यांच्या, मुलांच्या परकरांच्या तुकड्यांमध्यें एका कोपऱ्यास वीतभर लांबरुंद असा एक करडा तुकडा आहे. आम्ही लहानपणीं ह्याच गोधडींत निजलों. पण तो तुकडा कशाचा, हें कधीं विचारलें नव्हतें. तो नानांचा सदरा होता.

तुकडा हिरवा म्हणावा इतकाही हिरवा उरला नव्हता. सुकलेल्या तुळशीच्या पानासारखा झाला होता. पुतण्या म्हणाला, "पण हा ऐंशी वर्षांचा विटलेला. तेव्हां असा थोडाच असेल?" प्रश्न बिनतोड होता. त्यावर आत्याबाईंनीं सुई मागितली. त्या तुकड्यांत सदऱ्याच्या कुशीची जोडशिवण तशीच राहिली होती. जोडशिवणींत कापडाची कड आंत दुमडलेली असते. तिला ऊन लागत नाहीं. ती उसवली तर मूळ रंग दिसेल. परंतु तिच्यावरून आजीनें घातलेला गोधडीचा धावदोरा गेला होता. आत्याबाई सुई हातांत धरून क्षणभर थांबल्या. आईच्या हातचा टाका उसवावयाचा! मग त्यांनीं चार बोटें शिवण सावकाश मोकळी केली. आंतून कर्दळीच्या पानाचा गडद हिरवा रंग निघाला. ऐंशी वर्षांत त्याच्यावर उजेड पडला नव्हता.

मूळचा रंग असा हातीं आला, आजचा समोरच होता. १९४४ च्या हिंवाळ्यांत तो सदरा ह्या दोहोंच्या मध्यें कोठें तरी असला पाहिजे. पुतण्यानें पांढऱ्या पुठ्ठ्यावर गडदापासून फिक्यापर्यंत पांच हिरवे पट्टे ओढले व ते वाळूं दिले. आत्याबाईंनीं भिंगांतून पाहून चौथ्यावर बोट ठेवलें. "हा. धोब्याकडे पुष्कळदां जाऊन आलेला."

ज्या घरांतील मुलांस हा नाद लागला असेल, त्यांच्यासाठीं पुढील कृति थोडी विस्तारानें देतों. रेझिनचा शिपाई प्रथम साबणाच्या कोमट पाण्यानें धुवावा. साच्यांतून सुटण्यासाठीं लावलेला तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाहीं. सांध्यावरच्या रेघा घासावयाच्या त्या पाणी लावूनच घासाव्या, कारण ती भुकटी श्वासावाटे छातींत जाणें अपायकारक आहे. मग करड्या रंगाचें पातळ अस्तर द्यावें. रंग पाण्यांत मिसळणारे, न चकाकणारे घ्यावे आणि ते दुधासारखे पातळ करून दोनतीन हात द्यावे. एकच जाड हात दिला तर बटणें व घड्या बुजून जातात. कुंचला अतिशय बारीक घेण्याचा मोह होतो. पण त्यावरचा रंग शिपायापर्यंत पोहोंचण्यापूर्वींच वाळतो. मध्यम जाडीचा, मात्र टोंक चांगलें धरणारा कुंचला उत्तम. त्याचें टोंक ओठांनीं ओलें करण्याची संवय मुलांस मुळींच लागूं देऊं नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट उजेडाची. हा ५४ मिलिमीटरांचा शिपाई खऱ्या माणसाचा सुमारें ३२ वा हिस्सा असतो. माणूस लहान करतां येतो, सदरा लहान करतां येतो. दिव्याचा उजेड मात्र कांहीं लहान करतां येत नाहीं. खऱ्या बाहीच्या घडीखालीं जी सावली पडते, ती ह्या एवढ्याशा घडीखालीं पडतच नाहीं. म्हणून ती रंगानें घालावी लागते. तसेंच एक फुटावरून पाहिलेला हा शिपाई म्हणजे ३२ फुटांवर उभा असलेला मनुष्य होय. तितक्या दूरच्या माणसाच्या डोळ्यांतील पांढरें आपणांस दिसतें काय? भुंवईखालीं एक काळसर रेघ दिसते, इतकेंच. टपोरे डोळे काढले कीं शिपाई बाहुला होतो, तो ह्यामुळें. रंगही त्याच कारणानें खऱ्या कापडाहून किंचित् फिका घ्यावा. लहान वस्तूवर तोच रंग अधिक गडद वाटतो.

पुतण्यानें दुसऱ्या खेपेस चौथा हिरवा सर्वांगभर दिला. घड्यांच्या खोलांत, काखेंत, पट्ट्याच्या खालीं शिवणींतला गडद हिरवा थोडा तपकिरी मिसळून भरला. काळा वापरला नाहीं, कारण काळ्यानें कापड मळकट दिसतें, खोल दिसत नाहीं. खांदे, खिशांच्या कडा व गुडघे यांवर गोधडीचा करडा हिरवा कोरड्या कुंचल्यानें हलकेच फिरविला. पाठीवर घामाचा ओला डाग गडद ठेवून त्याच्या कडेला मिठाची अस्पष्ट पांढुरकी रेघ काढली. बटणें सदऱ्याच्याच रंगाचीं केलीं. बुटांस मात्र किंचित् तकाकी ठेवली. चामडें कापडासारखें मंद दिसत नाहीं. इस्त्रीच्या घड्या साफ काढून टाकल्या. चेहऱ्याला गुलाबी ऐवजीं गव्हाळ रंगांत पिवळ्या मातीचा थोडा अंश घातला, आणि गालांच्या खोबणींत सावली दिली. ह्या कामास तीन आठवडे लागले. सहामाही परीक्षेचा अभ्यास ह्या दिवसांत थोडा मागें पडला, हें त्याच्या आईच्या वतीनें येथें नमूद करणें भाग आहे.

नवा शिपाई त्यानें आत्याबाईंच्या हातांत दिला, तेव्हां आम्ही सर्वजण भोंवतीं उभे होतों. ह्या वेळीं त्यांनीं भिंग मागितलें नाहीं. हात लांब करून, दूर धरून पाहिलें. म्हणाल्या, "असेच उतरले गाडींतून."

मग थोड्या वेळानें, कोणी विचारलें नसतां, त्या बोलूं लागल्या. स्टेशनावर नानांनीं हात पुढें केले तेव्हां सहा वर्षांच्या आत्याबाई आईच्या पदराआड लपल्या होत्या. हा पिवळा, वाळलेला मनुष्य कोण, हें त्यांना कळेना. घरीं आल्यावरही दोन दिवस त्या त्यांच्याजवळ गेल्या नाहींत. नाना कांहीं बोलले नाहींत. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं स्टेथॉस्कोप काढला आणि बाहुलीची छाती तपासावयास मागितली, तेव्हां मुलीची भीड चेपली. पंधरा दिवसांनीं रजा संपली. "त्यांतले दोन दिवस मी वायां घालवले," आत्याबाई म्हणाल्या. ऐंशी वर्षांत ही गोष्ट आम्हां कोणासही ठाऊक नव्हती. पहिला, पदक लावलेला, गुलाबी गालांचा शिपाई तसाच कपाटांत ठेवला असता, तर ती पुढेंही कळली नसती.

युद्ध संपल्यावर नाना सुखरूप परत आले आणि त्यांनीं पुढें तीस वर्षें गांवांत दवाखाना चालविला. त्या काळांतले कित्येक जण परत आले नाहींत. त्यांच्याही घरीं भिंतीवर अशींच करडीं छायाचित्रें असतील. आमच्या वाचकांस आमचें एवढेंच सांगणें आहे. ज्यांच्या घरीं असें एखादें चित्र असेल, मग तें शिपायाचें असो कीं शाळामास्तरांचें, त्यांनीं त्यांतील कपड्यांचे रंग घरांतील सर्वांत वडील माणसास आजच विचारावे आणि चित्रामागें पेन्सिलीनें लिहून ठेवावे. टोपी कोणत्या रंगाची, लुगड्याचा काठ कसा, कोट नवा होता कीं उलटवून शिवलेला. हें सांगणारें माणूस एकदां गेलें म्हणजे तो रंग कोठेंच उरत नाहीं, आणि गोधडी काय प्रत्येक घरांत असतेच असें नाहीं.

गोधडीची उसवलेली शिवण आत्याबाईंनीं दुसऱ्या दिवशीं स्वतःच पुन्हा घातली. टाके थोडे वांकडे आले आहेत. ते आईसारखे आले नाहींत म्हणून त्या अजून कुरकुरतात. आमच्या पुतण्यानें पुढल्या दिवाळीच्या किल्ल्यासाठीं पन्नास मातीचे मावळे बिनरंगाचे आणावयाचें ठरविलें आहे. त्यांचे अंगरखे तो स्वतः रंगविणार आहे, आणि त्यांतले कांहीं विटलेले असणार आहेत.